भुकेले कुटुंब : हॅलोजन मूलद्रव्ये आणि आपले पाणी



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, राजकारण असे विषय यावयाचे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा पाडली, तेव्हापासून श्रोत्यांच्या कानांना या विषयांची सवय झालेली आहे. आज मात्र तुमच्यापुढे एक रसायनाचा मास्तर उभा आहे. रसायनशास्त्राचे नाव काढले की माणसे घड्याळाकडे पाहू लागतात, हे मला तीस वर्षांच्या मास्तरकीने शिकविले आहे. म्हणून सूत्रे आणि समीकरणे मी घरी ठेवून आलो आहे. बरोबर आणली आहे ती एक आठवण.

माझे आजोळ तापीकाठच्या एका खेड्यात. गावाला एक विहीर होती. पावसाळ्याच्या तोंडाशी ग्रामपंचायतीचा माणूस येई आणि बादलीत पांढरी भुकटी कालवून विहिरीत सोडी. त्या दिवशी आमची आजी विहिरीवर जात नसे. "पानीले औषधना वास येस," एवढे बोलून ती आम्हां मुलांना कळशी देऊन नदीकडे पिटाळी. नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचे पाणी नितळ आणि गोड. त्याला वास नाही, चव नाही. आजीच्या मते तेच खरे पाणी.

एका वर्षी गावात हगवण-ओकारीची साथ आली. त्या आठवड्यात आमच्या आळीतली दोन मुले गेली. कारण झिऱ्याचेच पाणी होते की आणखी काही, हे तेव्हा कोणी तपासले नाही. म्हणून मी आजीला दोष देत नाही. पण तो "औषधना वास" माझ्या डोक्यात बसला तो कायमचा. हा वास कसला? जे विष आहे असे पुस्तक सांगते ते पाण्यात का घालावयाचे? आणि घातल्यावर ते आपल्याला कसे सोसते? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधीत गेलो, की आपण एका मोठ्या विलक्षण कुटुंबाच्या दारात जाऊन उभे राहतो. त्या कुटुंबाचे नाव हॅलोजन.

हॅलोजन या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ मीठ उत्पन्न करणारा. या कुटुंबात फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन अशी चार भावंडे आहेत. पाचवे ॲस्टटीन, ते १९४० साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. ते इतके अल्पायुषी आहे की पृथ्वीच्या साऱ्या कवचातले एका वेळचे ॲस्टटीन गोळा केले तरी मूठ भरणार नाही. तेव्हा व्यवहारापुरती भावंडे चारच. रूपे मात्र चौघांची चार. फ्लुओरीन हा फिकट पिवळा वायू. क्लोरीन हिरवट पिवळा वायू. ब्रोमीन तांबूस काळसर द्रव. आयोडीन हा चकचकीत काळा स्फटिक. जरा ऊब दिली की त्याची सुंदर जांभळी वाफ होते. दिसण्यात इतका फरक, पण स्वभाव एक. चौघेही जन्माचे भुकेले!

ही भूक समजून घेण्यासाठी आपल्याकडची पंगत डोळ्यांपुढे आणा. अणूच्या पोटात मध्यभागी केंद्रक असते आणि त्याच्याभोवती कवचा-कवचांनी इलेक्ट्रॉन बसलेले असतात. सर्वांत बाहेरच्या पंगतीत आठ पाने भरली म्हणजे अणू तृप्त होतो. हॅलोजनाच्या त्या पंगतीत सात पाने भरलेली असतात आणि आठवा पाट रिकामा असतो. यजमानाची सारी तगमग त्या एका पाटासाठी. वाटेने जाणाऱ्या कोणाचाही हात धरून तो त्याला आणून बसवू पाहतो. रसायनशास्त्रात ज्याला आपण हॅलोजनांची क्रियाशीलता म्हणतो ती हीच.

आता चौघांची भूक सारखी नाही. फ्लुओरीनचा अणू लहान. त्याची शेवटची पंगत यजमानाच्या अगदी जवळ बसते. त्याचा आग्रह तिथपर्यंत खणखणीत पोहोचतो. क्लोरीनमध्ये मध्ये एक पंगत अधिक, ब्रोमीनमध्ये आणखी एक, आयोडीनमध्ये आणखी एक. यजमानाचा आवाज शेवटच्या पंगतीला पोहोचेपर्यंत क्षीण होतो. म्हणून फ्लुओरीनची भूक सर्वांत प्रखर आणि आयोडीनची सर्वांत मंद. एवढा एक क्रम ध्यानात ठेवा. पुढचे सारे व्याख्यान त्याच्या पोटात आहे.

हा क्रम मी म्हणतो म्हणून मानू नका. या टेबलावर तीन काचनळ्या आहेत. पहिलीत पोटॅशियम ब्रोमाइडचे पाणी आहे, दुसरीत पोटॅशियम आयोडाइडचे. दोन्ही पाण्यासारखी निर्मळ. दोहोंत थोडे क्लोरीनचे पाणी टाकतो. (येथे प्रयोग करून दाखविण्यात आला.) पहिली नळी नारिंगी झाली, दुसरी तपकिरी. क्लोरीनने ब्रोमीनच्या व आयोडीनच्या पंगतीतला आठवा पाहुणा ओढून नेला आणि ती दोघे उघडी पडली. दुसऱ्या नळीत आता भाताच्या पेजेचे दोन थेंब घालू या. पाहा कसा शाईसारखा निळा रंग आला! मोकळ्या आयोडीनची हीच खूण. तिसऱ्या नळीत साधे मिठाचे पाणी आहे. त्यात आयोडीन टाकले तर काही घडत नाही. क्लोरीनच्या ताटातले उचलण्याची ताकद आयोडीनमध्ये नाही.

या कुटुंबाची ओळख करून घेताना शास्त्रज्ञांना पुष्कळ किंमत मोजावी लागली आहे. १७७४ साली स्वीडनमध्ये शेलेने क्लोरीन तयार केला, पण ते मूलद्रव्य आहे हे १८१० साली इंग्लंडच्या डेव्हीने ठरविले. १८११ साली फ्रान्समध्ये कूर्त्वा नावाचा कारखानदार समुद्रशेवाळाच्या राखेपासून तोफांच्या दारूसाठी सोरा करण्याच्या खटपटीत होता. आम्ल जास्त पडले आणि जांभळी वाफ उठली. ते आयोडीन. १८२६ साली बालार या तरुणाने मिठागराच्या उरलेल्या कडवट पाण्यातून ब्रोमीन काढले. ते द्रव्य त्यापूर्वीच थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या हाती आलेले होते. पण त्यांनी घाईने बाटलीवर आयोडीन व क्लोरीनच्या संयुगाची चिठ्ठी लावली आणि मोकळे झाले. चूक उमगल्यावर ती बाटली त्यांनी स्वतःला धडा म्हणून जपून ठेवली, असे सांगतात.

फ्लुओरीनची कथा मात्र दारुण आहे. त्याला मोकळे करण्याच्या नादात बेल्जियमचे लुएट आणि फ्रान्सचे निकलेस प्राणांस मुकले. ज्या भांड्यात ठेवावे त्या भांड्यालाच खाऊ पाहणारा हा वायू! अखेर २६ जून १८८६ रोजी पॅरिसमध्ये मुआसाँने प्लॅटिनम-इरिडियमच्या नळीत वीज सोडून तो पकडला. १९०६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

आता दुसरी गोष्ट. भुकेला हॅलोजन आणि तृप्त हॅलोजन ही दोन वेगळी माणसे समजा. "भुकेला कोंडा, निजेला धोंडा" ही म्हण क्लोरीनला तंतोतंत लागू पडते. भूक असली म्हणजे तो काय खावे आणि काय खाऊ नये हे पाहत नाही. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने हाच वायू वाऱ्यावर सोडला, आणि खंदकातल्या सैनिकांची फुप्फुसे त्याने आतून जाळली. परंतु सोडियमकडून एक इलेक्ट्रॉन मिळाला की तोच क्लोरीन शांत होतो आणि आपण त्याला मीठ म्हणून भाकरीबरोबर खातो. आपल्या शेतातली पीव्हीसीची नळी घ्या. जळगावात १९८० च्या सुमारास या नळ्यांचा मोठा उद्योग उभा राहिला आणि केळीच्या बागांतून ठिबक सिंचन पसरले. त्या प्लॅस्टिकच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा आहे. कार्बनशी बांधला गेलेला, म्हणून निरुपद्रवी. पण मोडक्या नळ्यांची होळी करू नका. ती बांधणी आगीत सुटते आणि धुरातून मिठाचे आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, बाहेर पडते.

ब्रोमीनची भूक मध्यम, आणि तिच्यावर एक अख्खी कला उभी राहिली. चांदी व ब्रोमीन यांची जोडी अंधारात एकत्र राहते, उजेड पडला की फुटू लागते. जुन्या फोटोच्या काचा आणि चित्रपटाच्या फिती यांचे रहस्य हेच. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तोही अशाच चांदीच्या क्षारांच्या फितीवर.

सर्वांत मंद भुकेचे आयोडीन. जखमेवर लावावयाचे तपकिरी औषध ते हेच. जंतू मारण्यापुरती भूक त्याला आहे. क्लोरीनसारखा धसमुसळेपणा नाही. आणि आपल्या गळ्यातल्या ग्रंथीला तर त्याच्यावाचून चालतच नाही. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तर चार ग्रॅमसुद्धा भरत नाही, एक चहाचा चमचाही नव्हे. पण तेवढे मिळाले नाही तर गळ्याला गलगंड येतो आणि गरोदरपणी फारच कमी पडले तर पोटातल्या मुलाच्या बुद्धीची वाढ खुंटते. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड हटतो हे दाखवून दिले. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००६ पासून माणसाच्या खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. ग्राहकाच्या हाती मीठ पडते तेव्हा त्यात दर दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असले पाहिजे.

येथे कोणी भगिनी म्हणतील, मग घरच्या मिठावर पेज टाकून निळा रंग येतो का ते पाहू. येणार नाही, आणि म्हणून वाण्याशी भांडू नका. मिठात आयोडीन मोकळे नसते. पोटॅशियम आयोडेट या क्षारात बांधलेले असते. त्याला मोकळे करणारे आम्ल व आयोडाइड परीक्षेच्या पेटीत असतात, तेव्हा निळा रंग उमटतो. आपण एवढेच करावे: मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे. ओल आणि उष्णता यांनी आयोडीन हळूहळू निघून जाते.

फ्लुओरीनकडे वळतो. पाण्यात तो मोकळा कधीच नसतो. फ्लुओराइड म्हणून, तृप्त होऊन येतो. पण त्याची कॅल्शियमशी सोयरीक फार जवळची आणि आपली हाडे व दात कॅल्शियमचे. थोडे फ्लुओराइड दातांना बळकटी देते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले आणि वर्षानुवर्षे पोटात गेले, तर लहानपणीच दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे सांधे आखडतात आणि पाठीचा कणा ताठ होतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांनी हे भोगले आहे. हे पाणी दिसावयास काचेसारखे. उकळले तरी उपयोग नाही, उलट पाणी आटून फ्लुओराइड दाट होते. त्यावर एक सोपा उपाय आपल्याच नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने काढला. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर पाण्यात घालून घुसळावयाचे. तुरटीच्या साक्यात फ्लुओराइड अडकून तळाशी बसते आणि वरचे पाणी घ्यावयाचे. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने ही रीत ओळखली जाते. आपली जमीन काळ्या पाषाणाची. तरीही बोअर खोल गेली असेल तर तिचे पाणी एकदा तरी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, असे मी सुचवीन.

आता पुन्हा आजीच्या विहिरीकडे येऊ. ती पांढरी भुकटी म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीत तिला टीसीएल म्हणतात. विरी गेलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून ती करतात. १७९९ साली स्कॉटलंडच्या टेनंटने ही रीत काढली, ती कापड पांढरे करण्यासाठी. ताज्या भुकटीत वजनाच्या सुमारे एक तृतीयांश क्लोरीन हाताशी असतो. पाण्यात पडली की तिच्यापासून हायपोक्लोरस आम्ल होते, आणि हेच आम्ल जंतूंच्या अंगातल्या द्रव्यांना खाऊन त्यांचा निकाल लावते. पण क्लोरीनला जंतू आणि गाळ यांतला भेद कळत नाही, हे विसरू नका. पाला, शेण, गढूळ माती जे समोर येईल त्यावर तो आधी तुटून पडतो. पाणी गढूळ असेल तर त्याची सारी भूक घाणीवरच भागते आणि जंतू सुखरूप राहतात. म्हणून पाणी आधी निवळू द्यावे, तुरटी फिरवावी, मग औषध घालावे.

हिशेब सांगतो, कारण हिशेबाशिवाय रसायन म्हणजे नुसती गप्पाष्टके. चार मीटर व्यासाची विहीर, आत तीन मीटर पाणी. व्यासाचा वर्ग १६, त्याला पाण्याच्या खोलीने म्हणजे ३ ने आणि मग ०.७८५ ने गुणले की सुमारे ३८ घनमीटर, म्हणजे ३८ हजार लिटर पाणी. चांगली भुकटी हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे सुमारे ९५ ग्रॅम. घाणेरड्या पाण्याला अधिक. भुकटी सरळ विहिरीत फेकू नये. बादलीत कालवावी, पाच-दहा मिनिटे चुना बसू द्यावा, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत काढून ते विहिरीत सोडावे, आणि पोहरा वर-खाली हलवून पाणी ढवळावे. एक तास कोणी पाणी भरू नये. म्हणूनच हे काम रात्री, शेवटची घागर भरून गेल्यावर करणे उत्तम. तासाभराने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे. तो आहे की नाही हे ओ.टी. चाचणीच्या पिवळ्या रंगावरून कळते.

हा "शिल्लक" शब्द लक्षात घ्या, त्यातच आजीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. घाण खाऊन झाली, जंतू खाऊन झाले, तरी उरलेली जी थोडी भूक, तिचाच तो मंद वास. पाण्याच्या दारात बसलेला तो राखणदार आहे. पुढे नळ फुटला, हंड्यात कोणाचा मळका हात गेला, तर येणाऱ्या जंतूंना अडवावयास कोणी जागे असावे म्हणून त्याला ठेवलेला असतो. आजीला तो वास म्हणजे पाणी बिघडल्याची खूण वाटे. वास्तविक ती पाणी राखले गेल्याची खूण होती. झिऱ्याच्या त्या गोड पाण्याच्या दारात कोणीच बसलेले नव्हते.

हा राखणदार मात्र चिरंजीव नाही. उन्हाने तो मरतो, काळाने मरतो. आपला तालुका अवर्षणप्रवण. उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. पिंपे, टाक्या भरून ठेवावी लागतात, टँकरची वाट पाहावी लागते. पहिल्या दिवशी त्या पाण्यात क्लोरीन असतो. उघड्या टाकीत, वैशाखाच्या उन्हात, चौथ्या दिवशी तो असेल याची हमी कोण देणार? म्हणून साठा झाकलेला असावा, सावलीत असावा, आणि पिण्याचे पाणी ओगराळ्याने घ्यावे. दिवस अधिक गेले असतील तर आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे औषध बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालावे. वास नकोसा वाटत असेल तर अर्ध्या तासाने पाणी माठात ओतून ठेवा. वास उडून जाईल. पण मग ते पाणी त्याच दिवशी संपवा.

तीच गोष्ट भुकटीची. टीसीएलचे पोते उघडे पडले, ओल लागली, की क्लोरीन उडून जातो आणि मागे चुना उरतो. रंग तोच, वजन तेच, पण गुण गेलेला. एका गावी मी असे पोते पाहिले आहे. रोज नेमाने विहिरीत औषध पडत होते, वहीत नोंद होत होती, सही होत होती. चाचणी घेतली तेव्हा नळीतले पाणी पांढरे ते पांढरेच राहिले! त्या गावाने महिनाभर विहिरीत चुना टाकला होता. यात लबाडी कोणाची नव्हती. पोत्याचे तोंड बांधलेले नव्हते, एवढेच. आपल्या गावच्या टाकीचे पाणी कोण तपासतो, केव्हा तपासतो, रंग येतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार तुम्हांला आहे, आणि ते विचारण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

जाता जाता एक धोक्याची सूचना. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. चुन्याने धरून ठेवलेला क्लोरीन आम्लाने क्षणात सुटतो, आणि ईप्रचे रणांगण तुमच्या मोरीत अवतरते. चुकून तसे झालेच तर दार उघडून ताबडतोब मोकळ्या हवेत या.

तात्पर्य, या कुटुंबात सज्जन कोणी नाही आणि दुर्जन कोणी नाही. भूक किती, ती भागली आहे की नाही, आणि मात्रा किती, एवढेच विचारावयाचे. मात्रा चुकली की मीठसुद्धा बाधते. मात्रा साधली की रणांगणावरचे विष मुलांचे प्राण राखते. आजी आज नाही. असती तर तिला मी ही तीन नळ्यांची जादू दाखविली असती आणि म्हटले असते, आजी, ज्या वासाला भिऊन तू आम्हांला नदीवर धाडीत होतीस, तोच वास आपल्या आळीतल्या मुलांच्या बाजूने उभा होता.

 आता खाली ठेवलेल्या घागरीतले पाणी प्या. त्याला जरा वास येईल. मी आताच त्याची चाचणी घेतली आहे; राखणदार जागा आहे.